पाण्याला लावलेलं कुलूप

पाटबंधाऱ्याच्या नोकरीत एकतीस वर्षं काढली असं सांगितलं की लोक विचारतात, "कुठलं धरण बांधलं?" मी एकही धरण बांधलं नाही. मी कालवा निरीक्षक होतो. पाटाच्या कडेनं सायकल हाणायची, पाण्यात रोवलेल्या पट्टीवर किती इंच पाणी आहे ते वाचायचं, पाट कुठे फुटला, कुठे गाळ भरला ते वर कळवायचं आणि उरलेला सारा वेळ माणसांची गाऱ्हाणी ऐकायची. एकदा एका शेतकऱ्याने अर्ज दिला की खेकड्यांनी पाटाचा भराव पोखरला आहे. मी तो वर पाठवला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, खेकडे अंदाजे किती आहेत ते कळवावे. मी 'पुष्कळ' असं कळवलं. तोवर भराव वाहून गेला होता.

असल्या गोष्टी सांगून मी आजवर लोकांना हसवत आलो. या वेळी मात्र जी लिहायला बसलोय तिच्यात हसण्यासारखं फार नाही. ती माझ्या डोक्यातून निघालेल्या एका कल्पनेची गोष्ट आहे, आणि ती कल्पना त्या वेळी मला फार हुशारीची वाटली होती.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मी मूळचा जळगावचा, मेहरूणच्या तळ्याकाठी वाढलेला. बदली झाली ती पश्चिम खानदेशात, धुळ्याच्या पलीकडे पांझरा नदीच्या काठी. गावाचं खरं नाव लिहीत नाही, कारण त्या माणसांची मुलंनातवंडं तिथं नांदताहेत. आपण त्याला खैरवड म्हणू.

खैरवडला नदीवर जुना दगडी बंधारा होता. बंधाऱ्यातून एक पाट निघायचा आणि त्या पाटाखाली गावाची सगळी बागायत. या जमिनीचे चार भाग केलेले होते. एकेका भागाला फड म्हणत. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, एकात ऊस, एकात गहू, असं. गावातल्या बहुतेक प्रत्येक कुटुंबाचा तुकडा चारही फडांत होता. नदी आटली तर गाव बसून ठरवायचं की यंदा अमुक फड कोरडा ठेवायचा. मग मोठ्याचाही तेवढाच भाग कोरडा आणि लहानाचाही तेवढाच.

हे सगळं मला पहिल्या आठवड्यात बंधाऱ्याच्या हवालदाराने सांगितलं. हवालदार म्हणजे पोलीस नव्हे. बंधाऱ्याची देखरेख करणाऱ्या गावच्या माणसाला तिकडे हवालदार म्हणत. त्यांचं नाव झिपरू आबा. साठीचे, उंच, बोलायला कमी.

"हे कुठे लिहिलेलं आहे?" मी विचारलं.

"काय लिखनं शे त्यामा?" आबा म्हणाले.

पहिला धक्का मला तिथेच बसला. त्याच उन्हाळ्यात एक फड कोरडा ठेवायची वेळ आली. मी भांडणाची तयारी ठेवून बैठकीला गेलो, तर चहाची कपबशी खाली ठेवेपर्यंत निर्णय होऊन गेला. सगळ्यात मोठे शेतकरी रघोनाना. त्यांचा त्या फडातला तुकडा सगळ्यांत चांगला होता. त्यांनीच आधी मान हलवली.

दुसरा धक्का सुपडूचा. सुपडू बारेकरी होता, म्हणजे प्रत्यक्ष शेतात पाणी फिरवणारा. वाफ्यावाफ्याला पाणी तोच द्यायचा, गावातल्या प्रत्येकाच्या शेतात. मालकाने पाण्याच्या वेळी बांधावर यायचं नाही, असा रिवाज होता. आपल्या उसाला पाणी कधी मिळालं हे मालकाला दुसऱ्या दिवशी माती पाहून कळायचं. मला हे खरंच वाटेना. दुसरीकडे मी बांधावर काठ्या घेऊन उभी असलेली माणसं पाहिली होती.

"तुला कोणी दमदाटी करत नाही? आधी माझ्या शेतात सोड म्हणून?" मी सुपडूला विचारलं.

तो गुडघाभर पाण्यात उभा होता. फावड्याने एक चिखलाचा गोळा उचलून त्याने शेजारच्या वाफ्याचं तोंड बंद केलं आणि मग म्हणाला, "मनी जमीनच नही शे, रावसाहेब. मंग मी कोनी बाजू लेसू?"

गावाने मुद्दामच बिनजमिनीचा माणूस या कामाला ठेवला होता. पाणी संपायच्या टोकाला, फडाच्या शेपटाला, भागाबाई अक्कांचं शेत होतं. विधवा बाई, घरात दुसरं कर्तं माणूस नाही. कुठल्याही पाटावर अशा बाईच्या शेतात पाणी शेवटी पोचतं किंवा पोचतच नाही. खैरवडला त्यांचा ऊस वरच्या उसाइतकाच उंच होता. मी तो एकदा काठीने मोजूनही पाहिला.

आता कोणी शहाणा माणूस असता तर त्याने टोपी काढून नमस्कार केला असता आणि पट्टीवरचे इंच वाचत बसला असता. माझ्या डोक्यात मात्र किडा शिरला. एवढं पाणी उघड्यावर, पाटातून शेताकडे जाणाऱ्या चारीच्या तोंडाशी नुसता दगड आणि चिखल. उद्या कोणाची नियत फिरली तर? चोरी झालेली नव्हती, पण होऊ शकते, असं मला वाटलं. तसा प्रस्ताव मी वर धाडला आणि नोकरीत प्रथमच माझा प्रस्ताव लगेच मंजूर झाला. चारही फडांच्या तोंडाशी लोखंडी दारं बसली. प्रत्येक दाराला कुलूप. चाव्या माझ्याकडे.

दारं बसवली त्या दिवशी झिपरू आबा पाहायला आले. बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "कुलूप कोनाले लावतस, रावसाहेब? पानीले का आम्हले?"

मी हसलो. म्हणालो, "आबा, चांगल्या माणसाला कुलपाचा त्रास काय?"

ते बंधाऱ्याकडे चालू लागले. सुपडू जवळच होता, तो फावडं उचलून त्यांच्यामागे गेला.

महिना बरा गेला. मग मला दोन दिवसांसाठी धुळ्याला कचेरीत बोलावणं आलं. गेलो तो चाव्या खिशात घेऊन गेलो. हे लिहितानाही माझी मान खाली जाते. ऐन चैत्र, उसाला पाणी द्यायची पाळी त्याच दोन दिवसांत होती आणि पाण्याचं दार माझ्या खिशात धुळ्यात हिंडत होतं. परत आलो तर उसाच्या फडाचं कुलूप दगडाने फोडलेलं. पाणी मात्र सुपडूने नेहमीप्रमाणे क्रमाने सगळ्यांना दिलेलं. कोणाच्या वाट्याला थेंब जास्त नाही.

कुलूप रघोनानांनी फोडलं होतं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. चूक माझी होती. ती मी कबूल करायला हवी होती. त्याऐवजी मी चारचौघांत त्यांना सुनावलं की सरकारी मालमत्तेची मोडतोड हा गुन्हा आहे, आणि पहिल्यापेक्षा मोठं कुलूप आणून लावलं.

पुढच्या पाळीला ते कुलूपही फुटलेलं दिसलं. या वेळी पाणी क्रमाने गेलं नव्हतं. रघोनानांच्या उसात तुडुंब होतं आणि खाली कोरडं.

मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. हा माणूस चोर आहे असं मला कुठूनही दिसेना. मी विचारलं, "नाना, तुम्ही? भागाबाईंच्या तोंडचं पाणी तुम्ही घेतलंत?"

"मी भागाबाईनं नही लिधं," ते शांतपणे म्हणाले. "पहिले पानी आम्हनं व्हतं. तवय जास्ती लेनं म्हनजे शेजारीना ताटमा हात घालनं. आते पानी कुलूपवालानं शे. कुलूपवालाले जे राखता येईन ते त्यानी राखवं."

मी गार पडलो. मला वाटत होतं की मी चोराला अडवायला कुलूप लावलंय. त्यांच्या लेखी मी त्या कुलपाने पाण्याचा मालकच बदलून टाकला होता. सरकारचं पाणी घेणं ही चोरी वाटतच नव्हती, ना त्यांना, ना नंतर त्यांचं पाहून कुलपं फोडू लागलेल्या बाकीच्यांना. आठ-दहा दिवसांत चारही दारांची तीच गत झाली. आणि पाण्याच्या वेळी मालक बांधावर दिसू लागले. आधी एक, मग त्याच्यावर नजर ठेवायला दुसरा. ज्याला विचारावं तो दुसऱ्याकडे बोट दाखवून सांगायचा, "तो येस म्हनीसन मी येस."

मग तो दिवस आला. दुपारची वेळ, ऊन डोक्यावर. मी नवी कुलपं घेऊन सायकलवरून पाटाने येत होतो. लांबूनच आरडाओरडा ऐकू आला. उसाच्या फडाच्या दाराशी पंधरा-वीस माणसं जमलेली. दार उघडं होतं आणि सगळं पाणी रघोनानांच्या बांधातून आत चाललं होतं. भागाबाई अक्का वर आल्या होत्या. त्यांच्या उसाची पानं वळू लागली होती, त्या हात जोडून काही तरी सांगत होत्या. सुपडू चारीत उतरला आणि नानांच्या बांधाचं तोंड चिखलाने बुजवू लागला.

"सरक," नाना म्हणाले.

"पाळी अक्कानी शे, नाना," सुपडू म्हणाला. वर न पाहता त्याने आणखी एक गोळा टाकला.

नानांच्या हातात फावडं होतं. त्यांनी ते उलटं करून दांडा हाणला. सुपडूने उजवा हात वर केला आणि दांडा कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी सायकलवरून ऐकला. सुपडू पाण्यात बसला. ओरडला नाही. नुसता बसला.

आता जे लिहितो ते मी बायकोलाही फार वर्षांनी सांगितलं. मी सायकल टाकून धावलो. सुपडू माझ्यापासून चार हातांवर होता. मी त्याला ओलांडून दाराशी गेलो, दार खाली ओढलं, नवं कुलूप घातलं, चावी फिरवली आणि खिशात टाकली. मग मी माणसाकडे वळलो. तोवर भागाबाई अक्कांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. वीस माणसं माझ्याकडे पाहत होती, आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता. आपण काय होऊन बसलो आहोत हे त्यांना तिथे माझ्याकडे बघून समजत असावं, असं मला वाटलं. नाना चिखलात बसून आपल्याच हातांकडे बघत होते.

बैलगाडीत घालून सुपडूला धुळ्याला दवाखान्यात नेलं. गाडीत त्याची बायको बसली. रघोनाना गाडीत चढले नाहीत, कारण तिने त्यांना चढा म्हटलं नव्हतं. सगळा रस्ता ते गाडीच्या मागे अनवाणी चालत आले. सांध्याचा चुरा झाला होता. हात पुन्हा सरळ व्हायचा नाही, असं डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं.

दवाखान्याच्या ओसरीवर मी सुपडूला म्हणालो, "मी पोलिसात वर्दी देतो. साक्ष मी देतो."

त्याने डोळे मिटलेलेच ठेवले. "पोलीस उनात म्हंजे हाई भांडन बी तुम्हनं व्हई जाई," तो म्हणाला. म्हणजे कुलपाने पाणी जसं गावाचं राहिलं नाही, तसं पोलिसांनी भांडणही गावाचं राहणार नाही. त्याला ते गावातच हवं होतं. मी वर्दी दिली नाही. बरोबर केलं की चूक, हे मला अजूनही सांगता येत नाही.

गावात परतल्यावर मी स्वतःच्या जबाबदारीवर चारही दारं उपटून काढली. वर कळवलं की पुराच्या गाळाने ती निकामी होतील. मला वाटलं, कुलूप गेलं की सगळं पूर्वीसारखं होईल. आणि या साऱ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा धक्का मला सुपडूचा हात मोडला त्या दिवशी नाही, यानंतर बसला. काहीही पूर्वीसारखं झालं नाही. दारं नाहीत, कुलपं नाहीत, तरी पाळीच्या दिवशी प्रत्येक बांधावर मालक फावडं घेऊन उभा. सुपडूच्या जागी दुसरा बारेकरी आणला, तो दोन दिवसांत पळाला. मोडायला मला दोन महिने लागले होते, आणि जोडायचं कसं हे कोणालाच माहीत नव्हतं.

मी झिपरू आबांना म्हणालो, "पिढ्यान् पिढ्यांचा एवढा चांगला रिवाज मी नासवला."

त्यावर आबांनी जे सांगितलं त्याने मी पुन्हा हादरलो. "आम्ही काय देवमानसं नही शेत, रावसाहेब. मना बापना टाईमले याच पाटवर दोन मुडदा पडनात. सख्खा भाऊ व्हतात. मंग शिकनूत." मालकाने बांधावर यायचं नाही, हा नियम त्या दोन प्रेतांनंतर आला होता. बारेकरी बिनजमिनीचा हवा, हेही नंतर, दोन-तीन बारेकरी पाहून, चुका करून ठरलं होतं. मला जी गावची जन्मजात सज्जनता वाटली, ती मार खाऊन पाठ केलेली गोष्ट होती. "तुम्ही उनात तवय शिकेल गाव देखं," आबा म्हणाले. "शिकतांनानं देखं नही."

ते शिकणं मी पुढची दोन वर्षं पाहिलं.

सुरुवात भागाबाई अक्कांनी केली. ज्या बाईला सगळ्यात जास्त धोका तीच आधी बांधावरून उठली. एका पाळीच्या सकाळी त्या सगळ्यांच्या देखत बांधावरून निघाल्या आणि सुपडूच्या अंगणात फावडं टाकून म्हणाल्या, "मनं पानी सुपडूभाऊ देस. तो दी तवय दी." तो देईल तेव्हा घेईन, एवढंच सांगून त्या घरी निघून गेल्या.

सुपडूचा हात गळ्यात बांधलेला. तो उठला, फडावर गेला, बांधावर बसला. पाणी कुठून कुठे न्यायचं ते त्याला माहीत होतं, पण फावडं कोण मारणार? सगळे एकमेकांकडे बघत होते. रघोनानांनी धोतर वर खोचलं आणि चारीत उतरले.

"सांग," ते म्हणाले.

सुपडूने लगेच सांगितलं नाही. आम्ही सगळे उभे होतो. मला वाटलं तो नाही म्हणेल, आणि म्हटला असता तर कोणी त्याला दोष दिला नसता. शेवटी तो म्हणाला, "पहिले शेपटले. तुम्हना वावरले आखरी."

नानांनी आपला ऊस सोडून पाणी खालच्या टोकाला नेलं. त्या हंगामात प्रत्येक पाळीला गावातला सगळ्यात मोठा शेतकरी बिनजमिनीच्या माणसाच्या हुकमाने चिखल उपसत होता. त्यांच्या उसाला पाणी शेवटी मिळायचं, दोनदा मिळालंच नाही. हे प्रायश्चित्त त्यांना कोणी फर्मावलं नव्हतं. त्या दोघांचं पुढेही कामापुरतंच बोलणं झालं. सुपडूने त्यांना माफ केलं का, ते मी कधी विचारलं नाही, आणि त्याच्या तोंडावरून कळतही नव्हतं.

बाकीचे काही एका दिवसात सुधारले नाहीत. पुढच्या पाळीला दोघे बांधावर आले नाहीत. त्यांचं पाणी चुकलं नाही, हे पाहून त्यापुढच्या पाळीला आणखी तिघे-चौघे घरी राहिले. मध्ये एकदा कोणी तरी बांध फोडला आणि पुन्हा सगळे फावडी घेऊन हजर. मग पुन्हा एकेक करून कमी. मी सायकलवरून जाताना बांधावरची डोकी मोजायचो. खात्याच्या पट्टीवरचे इंच वाचण्यापेक्षा मला त्याचीच ओढ लागली होती. एक गृहस्थ मात्र माझी बदली होईपर्यंत दर पाळीला बांधावर उभे राहायचे. सगळे त्यांना हसत, पण त्यांचं पाणी कोणी तोडलं नाही.

बदलीचा हुकूम फाल्गुनात आला. जायच्या आदल्या दिवशी मी फडावर गेलो. सुपडू एकटाच होता. एव्हाना तो डाव्या हाताने फावडं मारायला शिकला होता, पण दमायचा फार. मला त्याची माफी मागायची होती. एवढ्या दिवसांत जमली नव्हती आणि त्या दिवशीही शब्द तोंडात येईनात. शेवटी मी म्हणालो, "दे इकडे. आज मी पाणी देतो."

त्याने फावडं दिलं आणि बांधावर बसला. इतकी वर्षं पाण्याच्या खात्यात होतो, पण पाणी हाताने कधी वळवलं नव्हतं. सुपडू सांगायचा आणि मी चिखल उचलायचो. भागाबाई अक्कांच्या उसाशी आलो तेव्हा माझा गोळा ओला पडला, बांध सुटला आणि पाणी पलीकडच्या फडात घुसलं. तिथे रघोनानांचा हरभरा कापून वाळत पसरलेला होता. मी धडपडत तोंड बुजवलं, तोवर कोपऱ्यातले पाच-सहा भारे भिजले होते.

मी कपाळाचा घाम पुसला, इकडेतिकडे पाहिलं. ऊन तापलं होतं, नजर जाईल तिथपर्यंत एकाही बांधावर माणूस नव्हतं.

"जाऊ दे," मी हलक्या आवाजात म्हणालो. "कोणी पाहिलं नाही."

सुपडूने मान वर केली. त्याला माझं बोलणं आधी कळलंच नसावं. मग तो म्हणाला, "तुम्ही तं देखं ना."

मी पायांचा चिखल तसाच ठेवून गावाकडे, रघोनानांच्या घराच्या वाटेला लागलो.